पातं, पाणी आणि पसारा

चाकू जमवू पाहणाऱ्या नवशिक्यांनी हे वाचण्याआधी हात धुऊन कोरडे पुसावेत. ही सूचना पोथीतून उचललेली नाही. घामट बोटाचा ठसा साध्या पोलादावर रात्रीतून गंजतो, आणि तुमच्या पहिल्या चांगल्या चाकूवरचा पहिला डाग तुमच्याच अंगठ्याचा असणार आहे. तो जात नाही. मी माझा अजून घासतोय.

दुसरी सूचना घरच्यांबद्दल. पहिले तीन चाकू ‘भाजीसाठी’ म्हणून खपतात. चौथ्याला खुलासा मागितला जातो. सातव्यानंतर कुणी काही विचारत नाही, आणि ती शांतता खुलाशापेक्षा वाईट. तेव्हा सातव्याच्या आत घरात एखादी साडी यावी, निदान मिक्सरचं भांडं तरी.

लेखकाची पात्रता अशी: राहणार सिन्नर. मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये सव्वीस वर्षं डाय आणि पंच करतोय. पोलादावर पोट चालतं आणि त्याच पोटाला चिमटा काढून चाकू येतात. सिन्नरला तसं जमवाजमवीचं वावडं नाही. माळेगाव एमआयडीसीत ‘गारगोटी’ हे खनिजांचं संग्रहालय आहे. आपल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांतून, विहिरी खणताना आणि खाणी फोडताना निघालेले झिओलाइटचे स्फटिक तिथं दिव्यांखाली मांडलेत, आणि ते बघायला लोक लांबून तिकीट काढून येतात. दगड जमवले तर संग्रहालय होतं. चाकू जमवले तर शेजारी दाराला आतून कडी लावतात.

आता कायदा, म्हणजे नंतर मला बोल लावायचा नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे २०१६ चे नियम चाकूला मोजपट्टी लावतात. पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल, आणि ते घरकामाचं, शेतीचं, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामाचं नसेल, तर ते शस्त्रांत मोडतं, आणि जिथं तशी अधिसूचना आहे तिथं त्याला परवाना लागतो. शिवाय सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली आदेश निघतात, तेव्हा शस्त्र घेऊन हिंडणं बंद. म्हणजे विळा कमरेला खोचून मळ्यात निघालेली बाई निर्धोक. तोच विळा ‘कलेक्शनचा पीस’ म्हणून मित्राला दाखवायला तुम्ही मोटारसायकलच्या डिकीत घातला, की पुण्यातल्या कोयता गँगच्या बातम्या वाचलेल्या नाकाबंदीपुढं काय सांगायचं ते घरूनच पाठ करून निघा. ‘जुनी लोहारकी’ हे उत्तर मी एकदा देऊन बघितलं. ते चालत नाही.

पायरी पहिली : लांबी

पहिला चाकू माणूस डोळ्यांनी घेतो. तो मोठा असावा, काळा असावा, पाठीला करवतीचे दाते असावेत आणि मुठीच्या बुडाला होकायंत्र. याचा दोष १९८२ च्या ‘फर्स्ट ब्लड’ या सिनेमाकडे जातो. आमच्याकडे तो व्हिडिओ पार्लरवर उशिरा पोचला, पण पोचला. मूठ पोकळ. आत काड्या, गळ आणि सुईदोरा ठेवायची सोय, रानात हरवलात तर. आता सिन्नर तालुक्यात हरवायचं म्हटलं तरी कुठं हरवणार? पूर्वेला वावी-पाथऱ्याकडे गेलात तर नजर पोचेल तिथवर माळ, आणि पश्चिमेला ठाणगावच्या डोंगरात शिरलात तर पहिल्याच वळणावर कुणीतरी ‘कुणाकडचे पाव्हणे?’ म्हणून विचारतं.

याच पायरीची दुसरी वाट रामपुरीची. खटका दाबला की पातं बाहेर. १९६५ च्या ‘वक्त’मध्ये राजकुमारनं चाकूवरून एक वाक्य टाकलं आणि आमच्या वडिलांच्या पिढीतले अनेक सज्जन आरशासमोर बिघडले. खुद्द रामपूर शहरानं २०२३ साली चौकात सुमारे २० फुटांचा चाकू उभा करून हा विषय एकदाचा संपवलाय. लांबीत त्याच्या पुढं तुम्ही जाणार नाही, तेव्हा नाद सोडा.

या पायरीवरून उतरायचा उपाय सोपा आहे. पिकलेला टोमॅटो घ्या आणि नव्या चाकूनं कापा. पातं जाड, धारेचा कोन बोथट. कोशिंबीर करायला घेतलेल्या टोमॅटोचं सार होतं. चाकू कपाटात जातो आणि त्यावर पहिली धूळ बसते. सोन्याची सुरी म्हणून कुणी उरात मारून घेत नाही, हे आपल्याकडे पूर्वीच सांगून ठेवलंय. काळ्या सुरीबद्दल सांगायचं तेवढं राहिलं.

पायरी दुसरी : कामं

मोठ्या चाकूनं पोळलेला माणूस लहान चाकूकडे वळतो आणि कामं मोजायला लागतो. स्वित्झर्लंडच्या इबाख गावच्या कार्ल एल्सेनरनं १८९१ साली तिथल्या सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली, १८९७ साली अधिकाऱ्यांसाठी बूच काढायच्या स्क्रूचा चाकू नोंदवला, आणि पुढं त्याच कारखान्याचं नाव व्हिक्टोरिनॉक्स झालं. लाल मूठ, पांढरा क्रॉस. त्यांच्या ‘स्विसचॅम्प’मध्ये ३३ कामं आहेत. मी तीन वर्षांत त्यातली पाच केली: कापणं, स्क्रू पिळणं, बाटली उघडणं, दात कोरणं आणि दात कोरायची काडी हरवणं. माशाचे खवले काढायची पट्टीही आहे. देवनदीला पाणी टिकेल त्या वर्षी ती उघडून बघणार आहे.

इथं कुणी फार रेंगाळत नाही. हा चाकू खिशात घालून विमानात चढायला गेलात की सुरक्षारक्षक तो टोपलीत टाकतो आणि पायरी आपोआप संपते.

पायरी तिसरी : लहरी

तिसरी पायरी गाळली तरी चालेल, पण कुणी गाळत नाही. मोबाइलवर रात्री अकरा वाजता ‘दमास्कस’ दिसतं. पात्यावर पाण्यासारख्या लहरी, उंटाच्या हाडाची मूठ, किंमत निम्म्यावर आणलेली. दख्खनच्या मुशीतल्या पोलादाची कीर्ती खरी आहे. तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांतून इराणी व्यापारी ते नेत असत आणि त्याच्या तलवारी जगभर गेल्या. माझ्या चाकूची कीर्ती तारेच्या घासणीपर्यंत टिकली. हिनं तो रविवारच्या भांड्यांत घेतला आणि लहरी मोरीतून वाहून गेल्या. छापील होत्या. खालून जे निघालं ते ताटवाटीचं स्टेनलेस. हिचं म्हणणं, आता कसा स्वच्छ दिसतोय.

पायरी चौथी : नावं

इथून पुढं तुम्ही चाकू बघत नाही, वाचता. डी२. एस३०व्ही. एम३९०. पात्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत पोलादाचं नाव कोरलेलं असतं आणि किंमत त्या अक्षरांची असते. एस३०व्ही हे अमेरिकेतल्या क्रूसिबल कंपनीनं २००१ च्या सुमारास खास चाकूंसाठी काढलेलं पोलाद. त्याच्याविषयी लोक असं बोलतात, जसं आपल्याकडे हापूसविषयी देवगडचे बोलतात.

मुसळगावकराची इथं एक अडचण होते. डबीवर डी२ लिहिलं की ज्या पोलादाला साडेसहा हजार पडतात, ते आमच्या स्टोअरमध्ये ‘एचसीएचसीआर’ या नावानं किलोवर येतं. दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोमियम. पत्र्याला भोकं पाडायचे पंच आम्ही त्याचेच करतो. परदेशी मंडळी ज्याला ५२१०० म्हणतात आणि म्हणताना आवाज जरा खाली आणतात, ते आमचं ईएन३१, म्हणजे बेअरिंगचं पोलाद. गाडीच्या कमानीचा पाटा ईएन४५ च्या घराण्यातला. हे सगळं ठाऊक असूनही मी डी२ चा चाकू घेतला. का घेतला? डबीत मखमल होती.

पोलादाचं नाव कळलं की कडकपणा मोजायची खाज सुटते. आमच्याकडे रॉकवेलचं मशीन आहे. हिऱ्याचं टोक, त्यावर १५० किलोचा भार, आणि टोक किती आत शिरलं त्यावरून आकडा. स्वयंपाकाचा बरा जर्मन चाकू ५६ ते ५८ दाखवतो, जपानी ६० च्या पुढं जातो. जेवणाच्या सुट्टीत मी माझे चाकू एकेक करून मशीनखाली धरले. आकडे वहीत उतरवले, मार्जिन आखून. संध्याकाळी घरी येऊन बघतो तर प्रत्येक पात्यावर मुठीशेजारी खसखशीएवढा खड्डा. असे अकरा आहेत. संग्राहकाच्या भाषेत याला ‘किंमत निम्मी होणे’ म्हणतात. नवशिक्यांनी कानस वापरावी. धारेवर हलक्या हातानं कानस फिरवा. चावली तर पातं मऊ, घसरली तर कडक. आकडा मिळत नाही, पण चाकू वाचतो.

याच काळात एक गोष्ट माझ्या नाकासमोर होती आणि मला दिसली नाही. टूलरूममधल्या प्रत्येक जुन्या कामगाराच्या खणात एक चाकू असतो. पॉवर हॅकसॉचं मोडलेलं पातं ग्राइंडरवर घासून काढलेलं, मागं काळी इन्सुलेशन टेप चार वेढे. पातं हायस्पीड स्टीलचं, म्हणजे लाल होईपर्यंत तापलं तरी कडकपणा न सोडणारं. त्यानं गॅस्केट कापतात, खोक्याच्या पट्ट्या तोडतात, डब्यातलं लिंबू चिरतात आणि कुणाचा वाढदिवस असला की केकही. कुरूप वस्तू. माझ्या वहीत तिला क्रमांक नव्हता. साठ चाकू घेऊन झाल्यावर लक्षात आलं की कारखान्यात काही कापायचं झालं की मीसुद्धा शेजारच्या खणातला तो टेपवाला मागून घेतो.

आडवाट : अडकित्ता

चौथ्या पायरीवर थकलेली माणसं बऱ्याचदा आडवाटेला लागतात. कुणी वस्तरे जमवतं, कुणी अडकित्ते. अडकित्त्याचं एक बरं असतं, त्यावर कुणी संशय घेत नाही. मात्र पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातली अडकित्त्यांची कपाटं आधी बघू नका. पोपटाचे, घोड्याचे, एकमेकांकडे तोंड करून उभ्या जोडप्याचे अडकित्ते तिथं असे आहेत, की आपण घेतलेला पितळी अडकित्ता नुसता सुपारी कातरायचा वाटायला लागतो. दिनकर केळकर ‘अज्ञातवासी’ नावानं कविता करायचे, १९२० च्या सुमारास त्यांनी जमवायला घेतलं आणि १९७५ साली सगळा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. सरकारच्या हवाली करण्याजोगं काही जमवलंय का, हा प्रश्न दर दिवाळीच्या साफसफाईला स्वतःला विचारावा. आमच्या घरात तो दुसरं कुणीतरी विचारतं, आणि ‘सरकार’च्या जागी ‘भंगारवाला’ म्हणतं.

पायरी पाचवी : धार

मग एक दिवस माणसाला चाकूच नकोसा होतो आणि तो दगड जमवायला लागतो. चारशेचा दगड, हजाराचा, तीन हजाराचा, आठ हजाराचा. आकडा वाढतो तसा दगड गुळगुळीत होतो आणि पाकीटही. दगड पाण्यात भिजवावे लागतात, म्हणून अंघोळीची बादली अडते. कोन पंधरा अंशांचा की वीस, यावर दोन प्रौढ माणसं विळ्याभोपळ्याचं सख्य धरू शकतात. आपल्याकडे याला निसणा म्हणायचे आणि तो विहिरीच्या काठावर पडलेला असायचा. हे मी एका जाणकाराला सांगितलं तर त्यानं विचारलं, निसणा किती ग्रिटचा?

धारेच्या पायरीवरचा माणूस ओळखायची खूण: डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत केस नसतात. धार उतरली की नाही हे केस भादरून बघायची सवय. लग्नाकार्यात असा माणूस दिसला, की न बोलता एकमेकांच्या हाताकडे बघून घ्यावं. ओळख पटते. उन्हाळ्यातही फुलशर्ट घातलेला असेल तर तो मुरलेला.

आता जरा थांबून घरची गोष्ट सांगतो, कारण मार्गदर्शिकेत ती कुठं बसवायची ते मला कळलेलं नाही.

सिन्नर म्हणजे विडी, हे एमआयडीसी यायच्या आधीचं समीकरण. आमची आई विड्या वळायची. तेंदूचं पान भिजवून ठेवायचं, त्यावर पत्र्याचं माप ठेवायचं आणि कात्रीनं भोवतीनं कापायचं. मजुरी हजारावर. म्हणजे हजार विड्यांना हजार तुकडे, दुपारच्या जेवणाआधी जमतील तितके. तिची कात्री वीतभर होती, काळी, अंगठ्याच्या कडीला चिंधी गुंडाळलेली. घरात तिला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. शाळेच्या प्रकल्पाचा कागद मी तिनं कापला, त्या दिवशीचा मार मला अजून आठवतो. कागदानं धार जाते. धार गेली की पान चुरगळतं, पान चुरगळलं की विडी छाटात जाते, आणि छाटाचे पैसे कापतात. सायकलवरचा धारवाला आला की ती स्वतः दारात उभी राहून चाक फिरताना ठिणग्या बघायची. किती उडाल्या यावर तिचं लक्ष. जास्त उडाल्या की ओरडायची, ‘अरे बाबा, कात्री खातो का तू?’

माझ्या कपाटालाही कुणी हात लावायचा नाही, असा नियम आहे. स्वयंपाकघरात आठवडे बाजारातला वीस रुपयांचा प्लॅस्टिकच्या मुठीचा चाकू चालतो, त्यानं कांदा चिरत नाही, सोलवटतो, आणि कपाटात साठ धारदार पाती तेल लावून निजलेली असतात. आईच्या बंदीमागं काम होतं. माझ्या बंदीमागं काम पडू नये एवढीच काळजी.

वार्षिक देखभाल

खंडेनवमीला सगळं बाहेर काढावं, सतरंजीवर मांडावं, झेंडू वाहावा. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला कारखान्यात मशीनची पूजा असतेच, तिची रंगीत तालीम होते. मात्र ओलं हळदकुंकू साध्या कार्बन पोलादावर लावू नये. सकाळी कुंकवाच्या खाली नारिंगी ठिपका असतो आणि तो देवाचा प्रसाद नसतो, गंज असतो. हळदकुंकू फक्त मुठीला. पात्याला शिलाई मशीनचं तेल. कांदा, कैरी, लिंबू चिरून पातं निळंकाळं झालं तर घाबरू नका. तो गंज नव्हे, उलट तो थर गंजाला जरा अडवतो. पहिल्या वर्षी माणूस तो काळेपणा घासून काढतो आणि पाचव्या वर्षी पातं रात्रभर लिंबाच्या रसात ठेवून मुद्दाम आणतो. आवड कशी बदलते हे एका लिंबात बघायचं असेल तर असं.

चाकू कुणाला भेट देऊ नये, नातं तुटतं म्हणतात. द्यायचाच झाला तर समोरच्याकडून रुपया घ्यावा आणि चाकू हातात न देता खाली ठेवावा. संग्राहकाला या रूढीचा फायदा असा, की त्याला कुणी चाकू भेट देत नाही, पण तो सगळ्यांना सांगू शकतो की मला एकच रुपया पडला.

पायरी सहावी : पाणी

नाशिक-पुणे रस्त्याच्या कडेला अधूनमधून घिसाड्यांची पालं पडतात. एक गाडी, एक ऐरण जमिनीत रोवलेली, हातानं फिरवायचा पंखा भात्याच्या जागी, आणि कोळशावर लाल होणारा कमानीचा पाटा. पुरुष सांडशीनं लोखंड धरतो आणि लहान हातोडीनं जागा दाखवतो. घण घालते ती बाई. दोघं बोलत नाहीत. हातोडी जिथं टकटक करते तिथं घण पडतो, आणि हातोडी ऐरणीवर आडवी वाजली की थांबतो.

पाचव्या पायरीवरून सरळ इथंच यावं. मी आलो तेव्हा माझ्या खिशात एक चित्र होतं, पात्याचा बाक अमुक, जाडी तमुक, कोन लिहून. पुरुषानं ते उलटसुलट बघितलं आणि बाईकडे दिलं. तिनं न बघताच विचारलं, ‘कशाला पायजे?’

‘विळा.’

‘ते कळालं. कशाला? कांद्याला, गवताला, मक्याला?’

प्रश्न बरोबर होता. कांद्याचा विळा हलका आणि पातळ, मक्याच्या ताटाचा जड. गवताला बाक जास्त. भाताला दातेरी लागतो, तसा दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘वैभव विळा’ प्रसिद्ध आहे. कामाशिवाय विळ्याला आकारच नसतो. माझ्याकडे आकार होता आणि काम नव्हतं.

‘ठेवायला,’ मी म्हटलं.

‘ठेवायला म्हंजी? कापायचं काय?’

‘काही नाही.’

तिनं घण खाली टेकला. नवऱ्याकडे बघितलं. मग मला अगदी सरळपणानं म्हणाली, ‘मग पाणी कशाला घालवू भाऊ? बिनपाण्याचा न्या की. स्वस्तात देते.’

नवशिक्यांसाठी खुलासा. लोखंड घडवून झालं की धारेकडचा भाग लाल तापवून क्षणभर पाण्यात बुडवतात. त्याला पाणी देणं म्हणतात. धार कडक होते आणि पाठ मऊच राहते, म्हणून विळा दगडावर आपटला तरी मोडत नाही. बुडवून काढल्यावर पाठीकडची उष्णता धारेकडे सरकते, धारेवर गवती पिवळा रंग चढतो, आणि नेमक्या त्या रंगाला पुन्हा पाण्यात. क्षणभर उशीर झाला की रंग जांभळा होतो आणि धार मऊ पडते. जपान्यांनी हेच मातीचा लेप देऊन केलं, त्याला नाव दिलं, पेटी दिली आणि लाखाच्या पुढं नेलं. इथं त्याला वीस मिनिटं आणि दोन कप चहा लागतो. पाणी न दिलेला विळा दिसायला हुबेहूब तसाच असतो. फक्त कापत नाही.

मी पाणी दिलेलाच घेतला, पूर्ण भावानं, आणि येताना मोटारसायकलवर हिशोब करत आलो, की कपाटातल्या साठांपैकी बिनपाण्याचे चालले असते असे किती. अठ्ठावन्न आले. उरलेल्या दोघांतल्या एकानं मी टोमॅटो कापतो. दुसऱ्यानं पार्सलं उघडतो, ज्यांत चाकू असतात.

पायरी सातवी : झीज

उन्हाळ कांदा निघतो तेव्हा, मार्च-एप्रिलात, सिन्नरच्या कुठल्याही रस्त्यावरून जा. वावरात बायांची ओळ बसलेली असते. डाव्या हातात कांदा, उजव्यात विळा. मान बोटभर ठेवून पात कापायची, नाहीतर चाळीत कांदा सडतो. एका मोसमात एक बाई किती कांदे कापत असेल ते मोजायला जाऊ नका. मी गेलो आणि अर्ध्या तासात गणती सोडली.

त्या ओळीत एक म्हातारी होती. तिच्या विळ्याचं पातं करंगळीएवढं उरलं होतं. नवा असतो तेव्हा ते दीड इंच तरी रुंद असतं. बाकीचं लोखंड कुठं गेलं? दर मोसमाला थोडं लोहाराकडे शेवटताना, रोज थोडं बांधावरच्या दगडावर पाजवताना. मुठीजवळ मात्र पातं मूळच्या रुंदीचंच होतं, कारण तिथं दगड पोचत नाही. त्यामुळे मूळ कड कुठं होती ते बोटानं दाखवता येत होतं, आणि तिथपासून आताच्या धारेपर्यंतची जागा रिकामी. तेवढ्या जागेकडे मी बघत बसलो. साठ चाकूंत एवढं बघण्याजोगं माझ्याकडे काही नव्हतं. माझ्या एकाही चाकूला काही कमी झालेलं नाही, रॉकवेलचे खड्डे सोडले तर.

‘मावशी, विकता का?’

‘काय? विळा?’ ती हसली. ‘मग मी काय दातानं कापू?’

मी घिसाड्यांकडचा नवा विळा पुढं केला. अदलाबदल, वर शंभर रुपये. तिनं तो घेतला, हातात उडवून बघितला, चार कांदे कापले आणि परत दिला. ‘जड हाय. संध्याकाळपर्यंत मनगट राहायचं नाही.’ मग शेजारणीला म्हणाली, ‘चांगला हाय पण. मक्याला चालंल.’ तिनं तेवढ्यात काम ओळखलं, ते मला घडवून घेतानाही सांगता आलं नव्हतं.

तेव्हापासून मी चाकू घेत नाही. झिजलेले विळे, खुरपी, विळ्यांची पाती, विडीच्या कात्र्या बघतो. आतापर्यंत नऊ मिळालेत. प्रत्येकाला चिठ्ठी बांधतो: कुठल्या पिकाचा, कितीक वर्षं, पाठीपासून धारेपर्यंत सगळ्यांत अरुंद जागी किती मिलिमीटर. त्यांना मी धार लावत नाही, कारण लावली तर माझी झीज त्यांत मिसळेल. आईची कात्री मात्र या नवांत नाही. आई गेल्यावर ती कुणीतरी आवराआवरीत भंगारात दिली, आणि मी तेव्हा एस३०व्ही वाचत होतो.

या सातव्या पायरीची मोठी अडचण नवशिक्यांनी आधीच समजून घ्यावी. जे घ्यावंसं वाटतं ते अजून कामात असतं, म्हणून मिळत नाही. आणि कामातून गेलं, की घरातली माणसं ते दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याच्या काट्यावर टाकतात. हाताशी येतो तो या दोहोंच्या मधला एखादा आठवडा.

तेव्हा सिन्नर, निफाड, संगमनेर या बाजूच्या वाचकांना एवढीच विनंती. घरात करंगळीएवढा झालेला विळा असेल, आणि तो वापरणारं माणूस आता वावरात जात नसेल, तर काट्यावर टाकण्याआधी आठ दिवस माळ्यावर राहू द्या आणि मुसळगावच्या कुठल्याही टूलरूममध्ये डाव्या हातावर केस नसलेल्या माणसाची चौकशी करा. भंगाराच्या दुप्पट भाव देईन. विळा कुणाचा होता आणि कशाला वापरला, तेवढं सांगा. मूठ नसली तरी चालेल.